वाचकांचे प्रश्न : पेन्शनचा आकडा जागचा का हलत नाही?

या वेळी इंदूर शहरातून आलेल्या तीन पत्रांना एकत्र उत्तर देत आहे, कारण तिन्हींचा विषय एकच आहे. सरकारने एखादी रक्कम एकदा ठरवली, ती वर्षानुवर्षे तशीच राहिली आणि बाजारात मात्र सगळ्याचे भाव वाढत गेले, तर त्या रकमेवर जगणाऱ्या माणसाने दाद कोणाकडे मागायची, हा तो विषय. पहिले पत्र मोठे आहे आणि त्याचे उत्तरही मोठेच द्यावे लागेल.

प्रश्न : मी १९९८ पासून २०१९ पर्यंत पीथमपूरच्या एका खासगी कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून काम केले. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि तेव्हापासून भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून मला दरमहा सुमारे २,३०० रुपये मिळतात. त्या वर्षी जो आकडा ठरला, तोच आजही पासबुकात छापून येतो. माझे साडू केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शनमध्ये वर्षातून दोनदा वाढ होते. मला त्यांचा मत्सर वाटत नाही, त्यांनीही आयुष्यभर कष्ट केले आहेत. पण सियागंजात तुरीची डाळ आम्हा दोघांना एकाच भावाने घ्यावी लागते. माझी आणि पत्नीची औषधे आणली की पेन्शन संपते, उरलेला महिना मुलाच्या पगारावर निघतो आणि हे त्याला सांगताना मला संकोच वाटतो. दर वर्षी हयातीचा दाखला देताना मनात येते, की मी जिवंत आहे एवढेच सरकारला कळवायचे आहे, कसा जगतो ते विचारणारे कोणी नाही. शेजारचे गृहस्थ म्हणतात, कायद्यातच वाढीची तरतूद नाही. मुलगा म्हणतो, देशाकडे पैसाच नाही तर देणार कुठून? यांतले खरे काय? आणि खासदारांचे वेतन महागाईला जोडलेले आहे असे ऐकले, ते खरे आहे का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. महागाईप्रमाणे आपोआप पेन्शन वाढवण्याची तरतूद या योजनेत नाही. मात्र तेवढ्यावर विषय संपत नाही, कारण ही योजना केंद्र सरकारनेच भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याखाली तयार केली आहे आणि अधिसूचना काढून तिच्यात बदल करण्याचा अधिकारही त्याच सरकारकडे आहे. २०१४ साली तो वापरला गेला होता.

आधी आपला हिशेब पाहू. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. मालक भविष्य निर्वाह निधीत जे १२ टक्के भरतो, त्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या निधीत जातात आणि केंद्र सरकार त्यात १.१६ टक्के घालते. हे टक्के ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच मोजले जातात. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. पेन्शन काढताना सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात आणि वीस वर्षे सेवा झालेल्यांना दोन वर्षे जास्त धरून देतात. आपल्या नोकरीची पहिली सोळाएक वर्षे जुन्या मर्यादेत मोजली गेली, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून प्रत्यक्षात कितीही झाले असले, तरी ते ६,५०० रुपयांच्या वर धरले गेले नाही. पुढच्या पाच वर्षांना नवी मर्यादा लागली. शेवटच्या वर्षांत आपले मूळ वेतन नऊ हजारांच्या आसपास असेल, तर २,३०० रुपयांचा आकडा सूत्राप्रमाणे बरोबर येतो. त्यात कारकुनी चूक झालेली दिसत नाही. सूत्रात सेवेची वर्षे आहेत, वेतन आहे, पण बाजारभावाला त्यात कुठेच जागा नाही, आणि म्हणून निवृत्तीच्या दिवशी ठरलेला आकडा शेवटपर्यंत तसाच राहतो.

आता मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट सांगतो. आपल्या साडूंची पेन्शन ज्या निर्देशांकावर वाढते, त्याचे नाव आहे औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक मूल्य निर्देशांक. केंद्र सरकारचा श्रम ब्युरो तो दरमहा काढतो. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे अशा सात क्षेत्रांतल्या कामगारांची कुटुंबे काय खातात, कशावर किती खर्च करतात, हे पाहून त्याची बांधणी केली जाते. २०१६ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत देशातल्या ८८ केंद्रांतून भाव गोळा होतात आणि त्यांत आपले इंदूरही आहे. म्हणजे या शहरातल्या डाळ-तांदळाचे, घरभाड्याचे, औषधांचे भाव सरकार दर महिन्याला नियमाने टिपून घेते, ते कामगाराच्या घरखर्चाचे माप म्हणून टिपून घेते, आणि त्या मापाने जानेवारी व जुलै अशा दोन वेळा सरकारी नोकरांचा महागाई भत्ता आणि सरकारी निवृत्तांची महागाई राहत, म्हणजे पेन्शनवरचा महागाई भत्ता, ठरवते. ज्या कामगाराच्या नावाने हे माप घेतले जाते, त्याच्या स्वतःच्या पेन्शनला मात्र ते लावले जात नाही. माप नाही, पद्धत नाही, माहिती नाही, यांपैकी कोणतीही सबब येथे सांगता येत नाही. तीस दिवसांत मिळणारा आकडा सरकारच्या टेबलावर तयार असतो.

सरकारी निवृत्तांचेही सगळे सुरळीत चालले असे नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. कोरोनाच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी पुढे कधीच मिळाली नाही. आपल्या साडूंना ती खंत असेल. तरीही जुलै २०२१ पासून भत्ता पुन्हा सुरू झाला, कारण तो सुरू करण्याचा नियम होता. आपल्या बाबतीत गोठलेले काही पुन्हा सुरू करायला मुळात नियमच नाही.

दुसरी गोष्ट महागाईच्या धोरणाची. २०१६ पासून सरकारने रिझर्व्ह बँकेला महागाईचे लक्ष्य घालून दिले आहे आणि ते ४ टक्के आहे, दोन टक्के वर किंवा खाली. भाव दर वर्षी साधारण चार टक्क्यांनी वाढावेत हे अशा प्रकारे देशाचे जाहीर धोरण आहे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यामागे कारणेही आहेत. पण भाव वाढणारच असे ज्या सरकारने स्वतः ठरवले आहे, त्याने एखाद्या वृद्धाची पेन्शन रुपयांत कायमची बांधून ठेवणे म्हणजे ती दर वर्षी थोडी थोडी कमी करणे आहे. केवळ चार टक्केच वाढ धरली, तरी २०१४ साली १,००० रुपयांत जे येत होते त्याला अकरा वर्षांनी सुमारे १,५४० रुपये लागतात, आणि आपल्या २,३०० रुपयांना सहा वर्षांनी २,९०० च्या वर गेल्याशिवाय पहिल्या दिवशीची किंमत राहत नाही. अधिसूचना न काढता, लोकसभेत चर्चा न होता झालेली ही कपात आहे, आणि आपल्याला जो राग येतो तो माझ्या मते अगदी योग्य जागी येतो.

खासदारांविषयी आपण ऐकले ते खरे आहे. २०१८ च्या वित्त कायद्याने त्यांच्या वेतनाची दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे फेरआखणी करण्याची तरतूद झाली. खासदार स्वतःच स्वतःचा पगार ठरवतात या टीकेला उत्तर म्हणून अरुण जेटली यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ती सुचवली होती आणि तत्त्व म्हणून ती मला पटते. तिच्याप्रमाणे मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली. १ एप्रिल २०२३ पासूनच्या परिणामाने मासिक वेतन १,००,००० वरून १,२४,००० रुपये आणि माजी खासदारांची पेन्शन २५,००० वरून ३१,००० रुपये झाली. ही वाढ चूक आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या सभागृहाने स्वतःसाठी हे तत्त्व योग्य मानले, त्याने तेच तत्त्व कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लावायला इतकी वर्षे का घ्यावीत, असा प्रश्न आपण आपल्या खासदारांना पत्राने विचारावा.

आता आपल्या मुलाचे म्हणणे. ते मी उडवून लावणार नाही. सरकारने संसदेत पुन्हा पुन्हा सांगितले आहे की ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनाप्रमाणे या पेन्शन निधीत तूट आहे, म्हणजे पुढे द्यावयाच्या पेन्शनच्या मानाने जमा अपुरी आहे. ते खरे असेल तर आहे त्याच निधीतून सर्वांची पेन्शन वाढवणे म्हणजे आज सांवेर रोडवर काम करणाऱ्या तरुणाच्या म्हातारपणाला हात घालणे होईल, आणि ते आपल्यालाही नको असणार. म्हणून वाढीचा पैसा दोनच ठिकाणांहून येऊ शकतो : वर्गणी वाढवून किंवा सरकारच्या तिजोरीतून. तिजोरीत पैसा नाही हे म्हणणे मात्र मला मान्य नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा वर्षाला १,४५,००० कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल असा अंदाज सरकारनेच सांगितला. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न करमुक्त झाले, त्यात प्रत्यक्ष करांचे सुमारे १ लाख कोटी रुपये सोडले गेले, हेही सरकारचेच म्हणणे. आता आपला हिशेब करू. या योजनेचे पेन्शनधारक ७८ लाखांच्या आसपास आहेत. त्या प्रत्येकाला महिन्याला १,००० रुपये जास्त द्यायचे म्हटले, तर वर्षाला ९,३६० कोटी रुपये लागतात. ही रक्कम लहान नाही. पण ती देता येते की नाही हा प्रश्न पैशाचा कमी आणि कोणाला आधी द्यायचे या निवडीचा जास्त आहे, आणि वाढ दिली जात नाही तेव्हा ती निवडही सरकारनेच केलेली असते.

मागणी नवी नाही. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ साली किमान पेन्शन ३,००० रुपये करावी अशी शिफारस केली होती. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये लागू झाले आणि त्यासाठी सरकारने जादा तरतूद केली. त्याआधी याहूनही कमी पेन्शन असलेले पुष्कळ लोक होते, तेव्हा हे पाऊल चांगलेच होते. पण तो आकडाही त्या दिवसापासून तिथेच थांबला. पेन्शनधारकांच्या संघटना आज ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागतात. माझे स्वतःचे मत असे आहे की या दोन मागण्यांपैकी दुसरी आधी लावून धरावी. किमान रक्कम एकदा वाढवून मिळाली आणि पुन्हा गोठली, तर दहा वर्षांनी आपल्यानंतरच्या कोणाला तरी हेच पत्र लिहावे लागेल. निर्देशांकाशी जोडलेली लहान वाढ दर वर्षी आपोआप मिळते आणि तिच्यासाठी वृद्धांना दिल्लीत जंतरमंतरवर जाऊन बसावे लागत नाही. इंदूरकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्याच्या रकमेचा मार्ग २०२३ च्या डिसेंबरमध्ये मोकळा झाला. बत्तीस वर्षांत रुपयाचे काय होते, आणि ज्याला तो मिळायचा त्या माणसाचे काय होते, हे मिल भागातल्या घराघरांत ठाऊक आहे.

कोश्यारी समितीचा अहवाल नागरिकांनी केलेल्या याचिकेतूनच निघाला होता. तो मार्ग आजही खुला आहे. एकट्याने लिहिण्यापेक्षा आपल्या कारखान्यातल्या निवृत्तांनी मिळून, प्रत्येकाच्या निवृत्तीचे वर्ष आणि पेन्शनचा आकडा देऊन याचिका लिहावी आणि संसदेच्या याचिका समितीकडे पाठवावी. हिंदीत लिहिलेली चालते. तिच्यात २०१९ च्या पासबुकाचे पान आणि आजचे पान शेजारी शेजारी जोडावे.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. मुलगी पुण्याला असते. पूर्वी इंदूर-पुणे गाडीला ज्येष्ठ नागरिक म्हणून निम्म्या भाड्यात जाता येई. ती सवलत कोरोनात बंद झाली, ती परत का मिळत नाही? आणि मी २०२१ मध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवले, मला ७.४ टक्के व्याज मिळते, तर माझ्या भावजयीला त्याच योजनेत ८.२ टक्के. हा भेदभाव कशासाठी?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : रेल्वेने ही सवलत २० मार्च २०२० पासून थांबवली. तोपर्यंत ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सूट मिळत असे. त्या वेळी वृद्धांनी प्रवास टाळावा हे कारण योग्य होते, पण ते कारण संपल्यावरही सवलत परत आली नाही. प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटावर सरासरी ४६ टक्के भार रेल्वे आधीच सोसते, असे सरकारचे उत्तर आहे. रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थर्ड एसीसाठी तरी सवलत पुन्हा देण्याचा विचार करावा असे सुचवले होते. मला समितीचे म्हणणे पटते. आजारपणाच्या निमित्ताने थांबवलेली गोष्ट बरे झाल्यावर परत द्यायची असते, आणि द्यायची नसेल तर तसे स्पष्ट सांगून नव्याने ठरवायचे असते.

व्याजाच्या बाबतीत मात्र भेदभाव झालेला नाही. या योजनेत पैसे ठेवताना जो दर असतो, तोच पाच वर्षे राहतो. आपण ठेवले तेव्हा ७.४ टक्के होता. एप्रिल २०२३ मध्ये तो ८.२ झाला आणि ठेवीची मर्यादाही १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली. खाते मुदतीआधी बंद करून नव्या दराने उघडता येते, पण दोन वर्षांनंतर बंद केले तर मुद्दलातून एक टक्का कापतात, त्यामुळे मुदतीचे थोडेच महिने राहिले असल्यास तसे करण्यात फायदा नसतो. पाच वर्षे पुरी झाली की एका वर्षाच्या आत अर्ज देऊन तीन वर्षांची वाढ घ्यावी. तिला मुदत संपण्याच्या दिवशीचा दर लागतो. आपण ज्या वर्षी पैसे ठेवले, त्याच वर्षी ३१ मार्चला हा दर ७.४ वरून ६.५ वर आणण्याचा आदेश निघाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला गेला. लोकांचा आवाज पोचला तर एका रात्रीत निर्णय बदलतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले आहे.

प्रश्न : मी सांवेर रोडवरील एका कारखान्यात काम करतो. २०१२ पासून पी.एफ.चा सभासद आहे, मधे एकदा नोकरी बदलली. माझे मूळ वेतन आता २४,००० आहे, तरी पेन्शनच्या खात्यात मालकाचे फक्त १,२५० रुपये जातात. बाकीचे पैसे कुठे जातात? म्हातारपणी मला किती मिळेल?
— एक तरुण वाचक, नंदानगर, इंदूर

उत्तर : आपले पैसे बुडत नाहीत. मालकाचे १२ टक्के म्हणजे २,८८० रुपये होतात. त्यांतले १,२५० पेन्शन निधीत जातात, कारण १५,००० च्या ८.३३ टक्के तेवढेच होतात, आणि उरलेले १,६३० आपल्या भविष्य निर्वाह निधीत जमा होतात. पासबुकात हे दोन रकाने वेगवेगळे दिसतील.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला वाईट वाटते. ही १५,००० ची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून आहे. तिच्यावर ३५ वर्षांची सेवा धरली तर सूत्राने ७,५०० रुपये येतात, दोन वर्षांची भर धरली तरी आठ हजारांच्या आतच. मर्यादा अशीच राहिली आणि महागाई चारच टक्के राहिली, तर बावीस वर्षांनंतरच्या त्या ७,५०० रुपयांत आजच्या सुमारे ३,२०० रुपयांचेच सामान येईल. आणि आपल्या सेवेची पहिली दोन वर्षे जुन्या ६,५०० च्या मर्यादेत धरली जाणार आहेत. वरच्या पत्रातील काकांचा प्रश्न हा अशा रीतीने आपलाही प्रश्न आहे, फक्त तो आपल्यापर्यंत यायला वेळ आहे. कामगारांना उपचार पुरवणाऱ्या कर्मचारी राज्य विम्याची २१,००० रुपयांची वेतनमर्यादाही जानेवारी २०१७ पासून तशीच आहे. पगार महागाईपुरता वाढला तरी कामगार त्या मर्यादेबाहेर जातो आणि आपल्या नंदानगरच्या विमा रुग्णालयाचा त्याचा हक्क संपतो, हेही गोठलेल्या आकड्यानेच होते.

पूर्ण पगारावर पेन्शन घेण्याचा जो पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने खुला झाला होता, त्याच्या अर्जाची मुदत ११ जुलै २०२३ रोजी संपली. आपण २०१२ चे सभासद असल्याने त्या वेळी अर्ज केला असल्यास त्याची पोच शोधून ठेवा. केला नसेल तर निदान एक काम या आठवड्यात करा. जुन्या कारखान्यातली सेवा आपल्या चालू खात्यात वर्ग झाली आहे का, ते पासबुक आणि सेवेच्या नोंदीत पाहा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि वीस वर्षांनंतर दोन वर्षांची भर मिळते, त्यामुळे मधली वर्षे नोंदीत नसतील तर दोन्हीकडे नुकसान होते. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर हस्तांतर अडते. ती तारीख तो मालक आणि तिथला हिशेबनीस हाताशी आहेत तोवर भरून घ्या. पेन्शनचे पैसे काढून घेण्याचा अर्ज मात्र कोणी कितीही सांगितले तरी भरू नका.